हाकेला ओ देणारी फळी

गेल्या अंकातल्या सोलर पॅनेलच्या लेखावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पैसे किती वर्षांत वसूल होतात. एक पत्र मात्र निराळं निघालं. लायडनच्या बाजूला राहणारे आमचे एक वाचक लिहितात, की विद्यार्थी असताना पोर्तुगालला जाऊन त्यांनी चार उन्हाळे लाटांवर काढले. मग नोकरी, लग्न, घराचं कर्ज, दोन मुलं. पंधरा वर्षं समुद्र फक्त वाळूवर बसून पाहिला. गेल्या उन्हाळ्यात धाकट्याला सर्फिंगच्या वर्गाला घातलं आणि यांचेही पाय शिवशिवायला लागले. ८ फुटी फोमची फळी घेतली. तरते छान, लाटही पकडते, पण वळायचं नाव नाही. "पाण्यात बसलेल्या म्हशीला वळवावं तसं वाटतं," असं ते म्हणतात. पुढे प्रश्न असा: "हाकेला ओ देईल अशी फळी कुठली? वय ४४, वजन ८१ किलो. विद्यार्थीदशेतली ६ फूट २ इंची फळी झोल्डरवर पडून आहे, तीच काढू का? तुम्ही इंजिनीयर आहात, तेव्हा इंजिनीयरसारखं उत्तर द्या."

असं कुणी म्हटलं की आम्हाला चेव येतो, हे आमच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. शिवाय आम्हीही याच वाटेनं गेलेलो आहोत. डेल्फ्टला मास्टर्स करताना पहिली फळी पायाखाली आली, मग बारा वर्षांची विश्रांती झाली आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा पाण्यात उतरलो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना. डच लोक याला 'खोल्फसर्फन' म्हणतात. खोल्फ म्हणजे लाट. कागदावर शब्द 'गोल्फ' असाच दिसतो, त्यामुळे भारतातून आलेल्या आमच्या एका नातेवाइकांना बरेच दिवस वाटत होतं, की आम्ही रविवारी सकाळी साहेबलोकांबरोबर हिरवळीवर असतो. आम्हीही त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही. आणि फुटणाऱ्या लाटांना इथे 'ब्रांडिंग' म्हणतात. मार्केटिंगमधल्या मंडळींनी कृपया नोंद घ्यावी.

या खेळाचं इथलं माहेर म्हणजे हेगला लागून असलेलं स्खेवेनिंगेन. या नावाचा उच्चार जर्मनांना जमत नाही म्हणून १९४० साली हेर ओळखायला ते म्हणायला लावत, असं सांगतात. 'स्खलन' आणि 'स्खलित' म्हणणाऱ्या आपल्या जिभेला त्यात काही विशेष वाटू नये. तिथून उत्तरेला झांडफोर्ट, वाइक आन झे, थेट तेसेल बेटापर्यंत कुठेही जा, वारा उठला की काळ्या रबरी कपड्यांतली माणसं फळ्या घेऊन वाळूवरून धावताना दिसतील. कोकणात याच्या उलट. उधाणाचे दिवस आले की होड्या ओढून वर घ्यायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात जोडून राहायचं. त्यामुळे आपल्या घरातल्या ज्येष्ठांना या धावपळीचा अर्थ लागत नाही, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहोत.

आता मुद्द्याकडे. फळी वळत नाही अशी तक्रार असली तर पहिली तपासणी फळीची नको, पायांची हवी. ८ फुटी फळीवर नवखा माणूस मधोमध उभा राहतो आणि तिथेच रुतून बसतो. फळी वळते ती मागच्या भागावर. मागचा पाय सुकाणूंच्या, म्हणजे खालच्या पात्यांच्या, जवळपास वर आला आणि गुडघे वाकवून वजन एका कडेवर टाकलं की फोमची फळीसुद्धा वळते. सावकाश वळते, पण वळते. पत्रलेखकांनी कुणाकडून तरी किनाऱ्यावरून चित्रफीत काढून घ्यावी आणि आपला मागचा पाय कुठे पडतो ते पाहावं. पाय मधोमध पडत असेल तर नव्या फळीचे पैसे तूर्तास वाचले.

पाय जागच्या जागी असूनही म्हैस हलत नसेल तर कारणं फळीतच आहेत. पहिलं कारण म्हणजे जडत्व. कुठलीही लांब वस्तू मध्याभोवती फिरवायला लागणारा जोर तिच्या वजनावर आणि लांबीच्या वर्गावर अवलंबून असतो. ८ फुटी फोमची फळी साधारण ७ किलोची धरली आणि ७ फुटी फायबरग्लासची ४ किलोची, तर हिशेब ४४८ ला १९६ असा येतो. म्हणजे एक फूट कमी केल्यावर विरोध निम्म्याहूनही खाली आला. दुसरं कारण कडा. फोमच्या फळीच्या कडा जाड आणि गोल असतात, त्या पाण्यात रुतत नाहीत, घसरतात. चांगल्या फळीची कड मागच्या बाजूला धारदार होत जाते आणि पाणी कापते. तिसरं कारण सुकाणू. स्वस्त फोमच्या फळीची पाती मऊ प्लॅस्टिकची असतात, जोर दिला की तीच वाकतात. खाचे प्रमाणित मापाचे असतील तर कडक पात्यांचा संच बसवून पाहावा. थोडक्या पैशांत बराच फरक पडतो, आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

या पात्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. हवाईच्या लोकांनी शेकडो वर्षं पात्यांशिवायच लाटा खेळल्या. वळायचं तर पाय पाण्यात घालून ओढायचा. १९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकन माणसानं फळीखाली पहिलं पातं बसवलं. पुढे कित्येक वर्षं एकाच पात्यावर भागलं, मग दोन पात्यांच्या फळ्या आल्या. १९८१ साली ऑस्ट्रेलियात बेल्स बीचच्या स्पर्धेत सायमन अँडरसन हा धिप्पाड गडी तीन पात्यांची फळी घेऊन उतरला आणि प्रचंड लाटांत जिंकला. दोन पात्यांच्या फळ्या त्याच्या वजनाखाली मोठ्या लाटेत सटकायच्या, म्हणून त्यानं तिसरं पातं मागे मध्यभागी बसवलं होतं. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक छोट्या फळ्या त्याच वळणाच्या आहेत. स्वतःच्या वजनाचा प्रश्न सोडवता सोडवता माणसानं सगळ्या जगाची फळी बदलली, हे आमच्यासारख्या वजनदार इंजिनीयरांना विशेष सुखावतं.

तर मग ६ फूट २ इंची फळी झोल्डरवरून काढावी, नाही का? ती तर आणखी हलकी, आणखी धारदार. इथेच आमचं आणि पत्रलेखकांचं वाजणार आहे. त्यांची आठवण पोर्तुगालची आहे आणि पाणी उत्तर समुद्राचं आहे.

अटलांटिकच्या खुल्या किनाऱ्यावर लाट हजारो किलोमीटरवरच्या वादळातून येते. दोन लाटांमध्ये बारा-चौदा सेकंदांचं अंतर असतं. आमचा उत्तर समुद्र म्हणजे त्या मानानं तळंच म्हणायचं. पश्चिमेला इंग्लंड आडवं पडलेलं, दक्षिणेला खाडीची चिंचोळी वाट, उघडा दरवाजा काय तो उत्तरेला, स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या मधला. त्यातून दक्षिणेकडचा तळ बहुतेक ठिकाणी ४० मीटरपेक्षाही उथळ. इथली लाट जवळच्याच वाऱ्यानं उठवलेली असते, अंतर पाच ते सात सेकंद. खोल पाण्यात लाटेची ताकद उंचीच्या वर्गावर आणि या अंतरावर ठरते. एक मीटर उंचीच्या लाटा सहा सेकंदांच्या असतील तर किनाऱ्याच्या दर मीटरमागे साधारण ३ किलोवॅट, चौदा सेकंदांच्या असतील तर ७ किलोवॅट. वाळूवर उभं राहून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. फळीखाली आल्यावर कळतं की एक रेल्वे आहे आणि दुसरी ट्राम.

आणि वळणं हे सगळं वेगावर असतं. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला विचारा, उभ्या होडीत सुकाणू कितीही फिरवलं तरी होडी जागची हलत नाही. चालत्या होडीलाच सुकाणू लागू पडतं. फळीचंही तेच. छोटी, पातळ, नाळ वर उचललेली फळी जोरदार लाटेवर विजेसारखी वळते, पण ट्रामच्या लाटेवर तिला वेगच मिळत नाही. मग ती बुडते, अडते आणि ओ देत नाही. म्हणजे हाकेला ओ देणारी फळी ही काही वस्तूच्या अंगची गोष्ट नव्हे. ज्या फळीला तुमच्या वजनासकट आणि तुमच्या समुद्रात वेग धरता येतो तीच तुमची हाक ऐकते. स्खेवेनिंगेनला ८१ किलोच्या, पंधरा वर्षं मधे गेलेल्या माणसासाठी ती ६ फूट २ इंची नाही.

किती मोठी घ्यायची हे लांबीवरून ठरवू नये, लिटरवरून ठरवावं. हल्ली बहुतेक फळ्यांवर आकारमान लिटरमध्ये लिहिलेलं असतं. आर्किमिडीज सांगून गेला तेच: जितके लिटर तितके किलो तरणार, त्यातून फळीचं स्वतःचं वजन वजा. ८ फुटी फोमची फळी ८० लिटरच्या आसपास असते, त्यामुळे माणूस तिच्यावर कोरडा पडून हात मारतो. जुन्या छोट्या फळीवर ३० लिटरच्या आसपास असतील. तिच्यावर पालथं पडलं की छाती पाण्यात, म्हणजे हात मारताना फळीबरोबर स्वतःचा देहही पाण्यातून ओढायचा. तेविशीत खांदे ते करत होते. चव्वेचाळिशीत, महिन्यातून दोनदा पाण्यात जाणारे खांदे वीस मिनिटांत राजीनामा देतात. रोज सराव असलेला पट्टीचा तरुण आपल्या वजनाच्या किलोमागे ०.३५ ते ०.४ लिटरवर भागवतो. परत येणाऱ्या गृहस्थानं ०.६ धरावा, असं आमचं मत. ८१ गुणिले ०.६ म्हणजे ४८ ते ४९ लिटर. हे ७ फूट ते ७ फूट २ इंच लांब, साडेएकवीस-बावीस इंच रुंद आणि पावणेतीन-तीन इंच जाड फळीत बसतं. तळाचा बाक कमी असावा, म्हणजे ती लवकर घसरायला लागते. कडा पुढे मऊ, मागे धारदार. सुकाणू तीन, किंवा मधे एक मोठं आणि बाजूला दोन छोटी. हे आमचं इंजिनीयरी उत्तर.

माशाच्या शेपटीसारखी मागे दुभंगलेली 'फिश' नावाची फळी पुष्कळ जण सुचवतील. सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसनं ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस काढली, गुडघ्यावर बसून लाट घेण्यासाठी. रुंद, सपाट, दोन पात्यांची. मऊ लाटांना ती अतिशय उत्तम, इथल्या पाण्याला तर शोभतेच. पण चटकन उभं राहता आलं पाहिजे. गुडघा टेकवून उठण्याची सवय असेल तर ती दुसऱ्या वर्षीची खरेदी ठेवावी. ९ फुटी लाँगबोर्डबद्दल आमच्या मनात फार आदर आहे, गुडघाभर लाटेच्या उन्हाळ्यात तिच्यासारखी दुसरी नाही. पण तक्रार म्हशीची होती, त्यावर हत्ती सुचवणं बरं नव्हे. शिवाय सायकलला फळी अडकवून आडव्या वाऱ्यात ९ फूट नेणं म्हणजे शिडाच्या होडीचा परवाना काढण्यासारखं आहे. ७ फुटी फळी सायकलच्या बाजूच्या चौकटीत नीट बसते आणि डच जिन्याच्या वळणावरूनही वर जाते. घर घेताना जिना मोजला नसेल तर आता मोजा.

आता ज्येष्ठांच्या काळजीबद्दल. ११ मे २०२० या दिवशी स्खेवेनिंगेनला पाच जण समुद्रात गेले ते परत आले नाहीत. त्यांत नवखे नव्हते. पाण्यात मुरलेले, दुसऱ्यांना शिकवणारे, जीवरक्षणाचं शिक्षण घेतलेले तरुण होते. उत्तर-ईशान्येचा जोरदार वारा होता, वसंत ऋतूत वाढणाऱ्या फेओसिस्टिस नावाच्या सूक्ष्म शेवाळानं पाण्याचा फेस झाला होता आणि वाऱ्यानं तो सगळा बंदराच्या उत्तर धक्क्याच्या कोपऱ्यात ढकलून माणसाच्या उंचीच्या वर रचला होता. त्या फेसात दिसत नाही, श्वास घेता येत नाही, मदतीला आलेल्यांनाही माणूस सापडत नाही. आम्ही त्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर कित्येकदा पाण्यात उतरलो आहोत. त्या आठवड्यात आमच्या घरी फारसं कुणी बोललं नाही. शेवटी आमच्या हिनं एवढंच विचारलं, "तुला नक्की कशासाठी जायचं असतं?" त्याला आम्हाला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही. जाणं थांबलं नाही, पण अटी ठरल्या आणि त्या पाळल्या जातात. एकट्यानं जायचं नाही. वसंतात, वारा उत्तरेचा आणि पाण्यावर फेस दाटलेला असेल तर धक्क्याच्या कोपऱ्यात पाऊल टाकायचं नाही, बाकीचे पन्नास जण आत असले तरी. पाणी आत खेचणारी 'माउ', म्हणजे वाळूच्या दोन उंचवट्यांमधली वाट, लागली तर तिच्याशी भांडायचं नाही. किनाऱ्याला समांतर बाहेर पडायचं आणि फळी सोडायची नाही.

फळीच्या निवडीचा आणि याचा संबंध आहे, म्हणूनच इतकं लिहिलं. दमलेल्या माणसाची फळी ही त्याची होडी असते. हिवाळ्यात इथलं पाणी पाच-सहा अंशांवर येतं. पन्नास लिटरच्या फळीवर पालथं पडून श्वास घेता येतो, आजूबाजूला बघता येतं, हात हलवून कुणाला बोलावता येतं. तीस लिटरच्या फळीवर ८१ किलोचा दमलेला माणूस निम्मा पाण्यातच असतो. अर्थात ११ मेच्या त्या फेसात कुठलीही फळी पुरी पडली असती असा आमचा दावा नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर राहणं हाच एक उपाय होता.

खरेदीबद्दल थोडं. फायबरग्लासच्या नव्या फळीला बरेच पैसे पडतात आणि पहिला ओरखडा पहिल्याच महिन्यात जातो, म्हणून मार्क्टप्लाट्सवर जुनी पाहावी. आपल्यासारखेच हौशी, ज्यांची हौस दोन उन्हाळ्यांत फिटली, त्यांच्या फळ्या तिथे पुष्कळ असतात. पाहायला दिवसाउजेडी जावं. फळी तिरपी धरून प्रकाशात बघावी, अंगठ्यानं उभं राहायच्या जागा दाबून पाहाव्यात. अंगठा आत जात असेल तर वरचं कवच फोमपासून सुटलं आहे, ती घेऊ नये. पात्यांच्या खाचांभोवती बारीक चिरा असतील तर पाणी आत गेलेलं असू शकतं, मग हातात घेतल्यावर फळी मापाच्या मानानं जड लागते. पिवळेपणाला घाबरू नये, तो उन्हाचा आहे. भावात घासाघीस करायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पायाला बांधायची दोरी मात्र नवी घ्यावी, फळीच्या लांबीइतकीच. जुनी दोरी नेमकी नको त्या दिवशी तुटते.

आणि विकत घेण्याआधी त्या मापाची फळी भाड्यानं घेऊन किमान तीन वेळा पाण्यात जावं, तेही सप्टेंबरात. तेव्हा उन्हाळ्याची ऊब पाण्यात शिल्लक असते, शरदाचे पहिले वारे सुरू होतात आणि ३ मिलिमीटरच्या सूटवर भागतं. जानेवारीत ५ मिलिमीटरचा सूट, हातमोजे आणि रबरी बूट घालून फळीची पारख करू नये, त्या बुटांतून घरचा जिनासुद्धा ओ देत नाही. सध्याच्या ८ फुटी फळीवर तासाभरात दहा लाटा मिळत असतील तर नव्यावर सहा-सात तरी मिळाल्या पाहिजेत. दोन किंवा तीनच मिळाल्या तर फळी पाच लिटरनी लहान पडतेय असं समजून पुढची पाहावी. झोल्डरवरची ६ फूट २ इंची तिथेच राहू द्या, विकू मात्र नका. धाकट्याचं वजन अजून पन्नास किलोच्या आत असणार, आणि दोन-तीन वर्षांत तो ती मागितल्याशिवाय राहणार नाही.